चुना नसलेलं पान

अंबिया खातूनच्या तोंडाला कचेरीत सगळे हसायचे. दात काळे-तांबडे, ओठांच्या कडा चिरलेल्या, जिभेवर कायमचा राप. वर्षातून एकदा तपासणीला येणारा डॉक्टर म्हणायचा, "आपा, हे पान सोडा. नाहीतर एक दिवस हे तोंडच तुम्हाला सोडेल." अंबिया मान डोलवायची, पदरानं ओठ टिपायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला पिशवी लावून, चपला हातात घेऊन, बांबूच्या साकवावरून पलीकडच्या गावात जायची. दुपारपर्यंत पुन्हा पंधरा-वीस पानं तोंडात. तिच्या स्वतःच्या घरी मात्र पानाचा डबा नव्हता. ईदच्या दिवशीसुद्धा तिनं कधी स्वतःच्या हातानं पान लावून खाल्लं नाही. हे कचेरीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मेघनेच्या काठच्या त्या सखल मुलखातली नऊ गावं तिच्या वाटणीला होती. काम सांगायला सोपं होतं. दर दोन महिन्यांनी प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण सून होऊन आलं, कोण कामासाठी परदेशी गेलं. मग बायकांना वेगळे प्रश्न. महिना आला का, कधी आला, गोळी घेतेस का सुई, दवाखान्यात गेलीस तर तिथे कसं वागवलं, परत जाशील का. ही उत्तरं नदीकाठच्या कचेरीत जमा होत, तिथून ढाक्याला जात, आणि ढाक्याहून अशा देशांत जात ज्यांची नावं अंबियानं कचेरीतल्या पाहुण्यांच्या वहीतच वाचली होती. त्यातून कुणीतरी ठरवायचं की कुठल्या गावात नर्स बसवायची, कुठली गोळी बायकांना सोसत नाही, होडीवरचा दवाखाना कुठल्या घाटाला किती दिवस लावायचा.

ती या कामाला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पंधराव्या वर्षी लग्न झालं. सोळाव्या वर्षी मुलगी झाली, ती एकोणीस दिवस जगली. मग नवरा नारायणगंजला सुताच्या गिरणीत गेला, तिकडे दुसरं लग्न केलं आणि परत आला नाही. आठवीपर्यंत शिकलेली, चालायला न कंटाळणारी आणि घरी वाट पाहणारं कुणी नसलेली बाई कचेरीला हवीच होती. तिला शिकवायला रिझिया आपा म्हणून एक म्हातारी होत चाललेली बाई होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "जे कळलं ते लिही. जे वाटलं ते नदीत सोडून पुढच्या घरी जा."

पहिले चार महिने कळलंच काही नाही.

शिकदारांच्या बाडीत एका अंगणाभोवती सात घरं होती. अंगणात भात वाळत होता. अंबिया वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली आणि कागदावरचा प्रश्न तिनं शिकवल्यासारखा मोठ्यानं वाचला. "शेवटचा महिना कधी आला?" ओसरीवरची हुक्क्याची गुडगुड थांबली. सुनांनी पदर ओढले आणि एकमेकींच्या पाठीआड गेल्या. घरातली सगळ्यात म्हातारी सुखजान बीबी भातावरून पाय फिरवत होती, ती म्हणाली, "लिही, सगळं ठीक. सातही घरी ठीक. कोंबड्यासुद्धा ठीक आहेत, जागा असेल तर त्याही लिही." बायका पदरात हसल्या. अंबियानं सगळ्यांच्या नावापुढे "ठीक" लिहिलं. पुढच्या बाडीत ठीक, त्याच्या पुढच्या बाडीत ठीक. त्या महिन्यातले तिचे कागद पाहून कचेरीतला माणूस म्हणाला, "तुझ्या गावात बहुतेक मुलं आभाळातून पडतात."

दुसऱ्या खेपेला सुखजान बीबीनं तिला बारकी बारकी पानं दिली, प्रत्येक सुनेनं स्वतः लावलेली. त्यातलं एक वेगळं पुढे केलं. "हे माझ्या धाकट्या सुनेचं. खा. तोंड वाकडं करू नकोस. आणि थुंकायचं तर बाडीबाहेर, बांबूच्या बेटाशी." अंबियानं चघळलं. पान मचूळ लागलं, जिभेला काही चटका नाही. बेटाशी जाऊन थुंकली तर थुंकी लाल नव्हतीच. हिरवी. चुना लावायला विसरली बिचारी, नवी सून आहे, असं तिला वाटलं. नव्या सुनेचं नाव जयगुन, वय सतरा. दोन महिन्यांनी गेली तेव्हा जयगुन कंबरेवर हात ठेवून चालत होती आणि सुखजान बीबी अंबियाकडे बघत होती. शाळेत धीम्या पोराकडे मास्तर बघतो तसं.

त्या दिवशी आणखी दोन पानं चुन्याशिवाय आली. अंबिया बेटाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं पिशवीतून कागद काढला आणि त्या दोघींच्या नावापुढचं "ठीक" खोडलं.

कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं म्हणूनच तर पान होतं. अंगणात सासूचे कान, दिरांचे कान, चुलत सासऱ्यांचे कान. त्या सगळ्यांसमोरून एक पान या हातातून त्या हातात जाई आणि कुणाला काही दिसत नसे. चुना नसला की महिना चुकलेला. सुपारी नसली की पोट रिकामं झालेलं. बस, एवढंच. मुली लग्न होऊन दुसऱ्या बाडीत जात तेव्हा भांड्यांबरोबर हेही नेत. सात-आठ वर्षांत नऊही गावांत हीच रीत झाली. अंबिया प्रश्न मोठ्यानं विचारायची, कारण नियम होता. "सगळं ठीक" असं उत्तर यायचं. मग पान यायचं. ती बेटाशी जाऊन थुंकायची आणि थुंकीत जे दिसलं ते लिहायची.

एका चैत्रात एकाच गावात तिला चार पानं सुपारीशिवाय मिळाली. चार बायका, चार घरं, एकीचा दुसरीशी संबंध नाही. अंबियानं लिहिलं. ढाक्यात ते नकाशावरचे चार ठिपके झाले. ठिपक्यांमागोमाग माणसं आली, त्यांनी शोध घेतला, तेव्हा बाजारात मुळ्या विकणारा एक वैद्य सापडला. त्याच्या मुळीनं त्यातली एक बाई मरता मरता वाचली होती. त्यानंतर होडीवरच्या दवाखान्यात चुकलेला महिना वेळेत, नीट, बाईच्या जिवाला धक्का न लागता मोकळा करून द्यायची सोय झाली. त्या चार बायका अंबियाशी याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला एकीनं तिच्या पिशवीत दोन चिबूड टाकले.

आणि एकदा ती रेषा. कुणी परदेशी पाहुणे आले होते, कचेरीच्या भिंतीवर प्रकाश पाडून काहीबाही दाखवत होते. एक रेषा डावीकडे उंच होती आणि उजवीकडे उतरत गेली होती, बगळा पाण्यावर उतरतो तशी. हारिस भाई, अंबियाच्या वरचा साहेब, तिच्या कानाशी लागून म्हणाला, "आपा, ही तुमची गावं. आधी बाईला सहा मुलं, आता दोन. हा खड्डा दिसतो ना, तो मोठ्या पुराचा." अंबियानं त्या खड्ड्याकडे पाहिलं. त्या पुरात ती केळीच्या तराफ्यावरून फिरली होती, छपरांवर बसलेल्या बायकांनी पानं खाली सोडली होती. तिला त्या रेषेत रेषा दिसलीच नाही. हात दिसले, एकाला एक लागून. ओले, हळदीचे, भाजलेले, मेंदीचे, प्रत्येकात दुमडलेलं एक पान. ती खाली बसली. सगळ्यांना वाटलं, आपाला उकाडा सोसला नाही.

चार वर्षांपूर्वी वह्या गेल्या आणि हातात काचेची पाटी आली. पेन्सिल गेली, रबर गेलं. पाटी घाटावर आली की तिथल्या उंच खांबाशी आपणहून बोलायची आणि दिवसभराचं सगळं ढाक्याला सांगून टाकायची.

हे सगळं सांगायचं कारण, यंदाच्या भाद्र महिन्यात जे झालं ते.

पाणी शेतांवर उभं होतं, खाजणांत ताग कुजत होता, वास नाकातून हलत नव्हता. शिकदारांच्या बाडीत सुखजान बीबी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. सासूच्या मोड्यावर जयगुन बसायची. तिच्या सुना आणि पुतणसुना मिळून सहा जणी. सगळ्यात धाकटी मोर्शेदा, वय बावीस, दोन वर्षांची मुलगी कडेवर. तिचा नवरा बेलाल ओमानला गेल्याला चौदा महिने झाले होते. अंबियानं प्रश्न विचारले, "सगळं ठीक" ऐकलं, क्रमानं दिलेली सहा पानं घेतली आणि बेटाशी जाऊन एकेक चघळली.

सहावी थुंकी हिरवी होती.

तिनं ती परत पाहिली. मोर्शेदाचं पान. बोट पाटीवर अडकलं. पेन्सिल असती तर कदाचित तिनं अलगद लिहिलं असतं, पुसता येईल असं. पण पान कुणाचं आहे हे पाहून लिहायचं की नाही ठरवायला लागली, तर मग ती कोण? आणखी एक सासू. पोरीनं विश्वासानं सांगितलंय. दिवस थोडे असतील, होडी दहा-बारा दिवसांत घाटाला लागेल, काहीतरी करता येईल. तिनं "चुकला" दाबलं. पाटीनं विचारलं, खात्री आहे? अंबियानं "हो" दाबलं. आपण लिहिलं की ढाक्यात एक ठिपका वाढतो आणि ठिपक्याला नाव नसतं, असंच ती तेहतीस वर्षं समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी हारिस भाईचा फोन आला.

"आपा, तुमच्या पाटीनं लाल दिवा दाखवलाय. नवरा ओमानला, मध्ये आलेला नाही आणि बाईचा महिना चुकलेला. हे जुळत नाही म्हणते."

"पाटीला काय करायचंय जुळवून?"

"नवा नियम आहे. असं काही निघालं की बाहेरच्या माणसानं जाऊन त्या बाईला परत विचारायचं. बुधवारी ढाक्याहून लुबना मॅडम येतायत."

"अंगणात विचारणार?"

"मग कुठे विचारणार, आपा? नदीत बुडी मारून?"

"बोट चुकलं म्हणून सांगा."

"बोट चुकलं म्हटलं की तिथे ते आधी जातात. आणि तुम्ही दोनदा हो म्हटलंय." मग त्यानं आवाज खाली आणला. "चुकलंय का खरंच?"

अंबियानं फोन ठेवला. चुकलंय का, हेच तर तिला माहीत नव्हतं. पण बुधवारी काय होईल ते स्पष्ट दिसत होतं. एक शहरी बाई सात घरांच्या मधोमध उभी राहील आणि जिचा नवरा समुद्रापलीकडे आहे तिलाच, एकटीला, विचारेल की तुझा महिना चुकलाय का. मोर्शेदा "नाही" म्हणेल. त्यानं काय होतंय? प्रश्न त्याच दुपारी कुणाच्या तरी फोनवरून ओमानला पोहोचेल आणि त्याच्यामागून गेलेलं उत्तर कुणी ऐकणार नाही. पोरीचं घर जाईल, पोर जाईल. आणि जर पान खरं असेल तर वेळही जाईल.

मंगळवारी ती पाळी नसताना शिकदारांच्या बाडीत गेली.

बायका तागाच्या काड्यांवरून धागा सोलत बसल्या होत्या. जयगुननं तिला साकवावरच पाहिलं. "अगं, पाच दिवसांपूर्वी तर येऊन गेलीस! एवढ्यात आमच्याकडे कुणी मेलं नाही."

"वाटेतच होते. पानाची तल्लफ आली."

"तुला? तल्लफ?"

जयगुनचा सोलणारा हात थांबला. तिनं अंबियाकडे पाहिलं, मग खाली धाग्याकडे. मग एकदम आवाज चढवून ओरडली, "ए मोर्शेदा! आपाला पान लाव. चुना नीट लाव हो, त्या दिवशीसारखं नको!" आणि बाकीच्यांकडे वळून, पलीकडच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात, "काय सांगायचं! चुनारीची होडी तीन बाजार झाले फिरकली नव्हती. आपा आली त्या दिवशी मडकं खरवडून मी नखाएवढा चुना काढला. तुम्हा पाच जणींना पुरला, धाकटीच्या वाटेला काहीच नाही. पोरीनं आपाला कोरडं पान दिलं. मला तर बाई लाज वाटली."

"आम्मा, चुन्यासाठी एवढं? जसं काही तुमचं माहेर बुडालं," मधली सून नूरबानू म्हणाली. तिची जीभ बाडीत सगळ्यात धारदार होती.

"माझं माहेर बुडालंच आहे, भवाने, मेघनेच्या पोटात. चुना तेवढा उरला होता."

हशा झाला. मोर्शेदा पान घेऊन आली. आम्मा कशाबद्दल बोलतायत आणि आपा आज का आलीय हे तिला आत्ता, चुना लावता लावता, कळलं असावं. वाकून पान देताना ती ओठ न हलवता पुटपुटली, "आपा, मला वाटलं... हे इथे नाहीत, माझं पान काय, कुणाला काय त्याचं."

अंबियानं पान तोंडात टाकलं. चुना जास्त झाला होता. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

म्हणजे पान खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. ते फक्त पान होतं. तेहतीस वर्षांत तिला हे कधी सुचलं नव्हतं की एखादं पान नुसतंच पान असू शकतं. साकवावरून येताना ती मधोमध थांबली. ढाक्याला काय सांगायचं? चुना नव्हता, एवढंच सांगायचं, पण ते सांगायचं तर त्याच्याबरोबर सगळंच सांगावं लागणार. हजारो नोंदी, त्यातली एकही बाईच्या बोलण्यातून आलेली नाही. ते ऐकल्यावर ती रेषा भिंतीवर राहील का? आणि जे नऊ गावांतल्या बायकांनी एकमेकींशीसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही, ते कचेरीत जाऊन बोलायचं? एका बाजूला एक पोर होती, बावीस वर्षांची. दुसऱ्या बाजूला अंबियाचं सगळं आयुष्य. पाणी साकवाखालून तागाचा वास घेऊन जात राहिलं.

लुबना बुधवारच्या आदल्या दिवशीच कचेरीत येऊन बसली होती. तिशीची, किडकिडीत, चष्म्याआड झोप न झालेले डोळे. अंबियानं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुखजान बीबीच्या पानापासून.

लुबनानं विचारलं, "म्हणजे तुम्ही प्रश्न विचारतच नव्हता?"

"विचारत होते. मोठ्यानं, नियमानं. पण लिहिलं ते पानातलं."

"तेहतीस वर्षं?"

"हो. आता काढून टाकायचं असेल तर मला काढा. पण उद्या त्या पोरीला अंगणात विचारू नका. चूक तिची नाही, चुन्याची पण नाही. माझ्या जिभेची आहे."

लुबनानं चष्मा काढला. ती हसत होती की काय, अंबियाला कळेना. "आपा, माझा सगळा अभ्यास तुमच्या या नऊ गावांवर चाललाय. बाकीच्या गावांत बायका चौथ्या-पाचव्या महिन्यात सांगतात. तुमच्या गावांत दुसऱ्याच महिन्यात. म्हणून तुमच्या बायका होडीवर वेळेत पोहोचतात, म्हणून कमी मरतात. का, हे आम्ही सहा वर्षं शोधतोय. शाळा मोजल्या. रस्ते मोजले. दवाखाना किती पावलांवर आहे ते मोजलं. एकानं तर नळाचं पाणी तपासलं." तिनं डोळे पुसले. "पान कुणी मोजलं नाही."

अंबियाला बसायला खुर्ची सापडेना. ती पेटाऱ्यावर बसली.

"यादीतलं नाव मला पुसता येत नाही," लुबना म्हणाली. "उद्या मला जावंच लागेल. पण एकीलाच विचारायचं असं नियमात कुठे लिहिलेलं नाही."

"आणि पानाचं?"

"तुम्ही सांगा."

"माझं नाव लिहा, काय हवं ते लिहा. पण पानाचं लिहिलंत, तर माझ्यानंतर येईल तिला सगळी पानं चुन्याचीच मिळतील."

बुधवारी दोघी गेल्या. लुबनानं मोड्यावर बसून सगळ्यांना विचारलं, रांगेनं, एकच प्रश्न. जयगुन म्हणाली, "मला नाही विचारत? मी काही अजून रद्द झालेली नाही."

"खाला, तुमचं काय ते सांगा मग."

"माझं अकरा वर्षांपूर्वी गेलं ते अजून आलं नाही. ओमानला गेलं असेल."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या आणि त्या हसण्यातच प्रश्न मोर्शेदापाशी आला. "आला. परवाच," ती म्हणाली. लुबनानं लिहिलं आणि पुढच्या बाईकडे वळली. एवढंच. झुळूक अंगणातून जावी तसं ते गेलं. पाटीवरचा लाल दिवा विझला तेव्हा तिकडे कुणी बघतही नव्हतं.

मग पानं आली. तबकात बारा, सहा-सहाचे दोन भाग, सुना बसल्या होत्या त्याच क्रमानं. अंबियानं ती दोनदा मोजली. तिच्याखेरीज कुणाला आजवर या बाडीत असं पान मिळालं नव्हतं. पाहुण्यांना द्यायचं पान वेगळं, जयगुनच्या डब्यातलं.

"शहरातल्या पोरीला झेपेल का?" नूरबानू म्हणाली.

"न झेपायला काय झालं? तिला काय दात नाहीत?" जयगुन म्हणाली. "खा गं बाई. तोंड वाकडं करू नकोस."

बांबूच्या बेटाशी लुबना वाकून ठसकत होती, एकेक पान चघळून थुंकत होती. अंबियाचं आटोपलं होतं. सहाही लाल. मोर्शेदाचं लाल, नूरबानूचं लाल, सगळ्यांची लाल. आपण कचेरीत जाऊन बोललो ते यांना कुणी न सांगता कळलं, असं तिला वाटलं, आणि आता सगळं संपलं, असंही वाटलं.

"आपा."

लुबना सरळ झाली होती. तिच्या पायाशी पालापाचोळ्यावर पाच लाल डाग होते आणि एक हिरवा.

"हे कुणाचं होतं?" अंबियानं विचारलं.

"त्या हसत होत्या ना... नूरबानू. त्यांनी तर मोठ्यानं आला म्हणून सांगितलं. तुम्हाला दिलेलं पण असंच?"

अंबियानं मान हलवली. नाही. नूरबानूनं दोन पानं लावली होती. एक चुन्याचं, तिच्यासाठी. एक चुना नसलेलं, या परक्या पोरीसाठी, जिला तिनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

पाठीमागे पाचोळा वाजला. जयगुन शेळी हाकायच्या निमित्तानं आली होती. तिनं त्या हिरव्या डागाकडे पाहिलं नाही. शेळीच्या पाठीवर हात फिरवत अंबियाला म्हणाली, "तुझी जीभ आता दमली. काल तल्लफ आली म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं काहीतरी उलटंपालटं झालंय. एवढ्या वर्षांत तुला कधी तल्लफ आली नव्हती."

"म्हणून चुन्याचं एवढं ओरडून सांगितलंस?"

"मी? मी तर चुनारीला शिव्या देत होते." जयगुननं शेळीला टिचकी मारली. "पोर चांगली आहे माझी. तिच्या पानात मी स्वतः चुना घातला असता, पण मडकं रिकामं होतं, एवढं खरं." मग लुबनाकडे बघून, "हिला बेटाची जागा दाखवलीस, बरं केलंस," एवढं म्हणून ती शेळी घेऊन निघून गेली.

अंबियाला सतरा वर्षांची जयगुन आठवली, पदराआड चेहरा, पुढे फक्त एक हात. तिनं वाचलेलं पहिलं पान. तेव्हापासून तिला वाटत होतं की आपण यांना वाचतोय. आणि त्याच वेळी हे सगळं अंगण, सातही घरं, तिलाही वाचत होतं. तिच्या चालण्यातून, थांबण्यातून, न खाल्लेल्या पानातून. त्यांनी तिची चूक तिच्या आधी ओळखली होती, तिनं काय केलं असेल ते जाणलं होतं, आणि एका रात्रीत, एक शब्दही न बोलता, पुढची जीभ निवडली होती.

परतताना होडीत लुबना पाटी मांडीवर घेऊन बसली. नूरबानूचं पान उघडं होतं. महिना आला का? तोंडानं "आला" म्हणालेली. लुबनाचं बोट काचेवर थांबलं. तिनं अंबियाकडे पाहिलं.

अंबिया पाण्याकडे बघत होती. हे सांगणं तिचं नव्हतं.

लुबनानं "चुकला" दाबलं. पाटीनं विचारलं, खात्री आहे?

लुबनाची जीभ नकळत दातांवरून फिरली. तिथे अजून ती मचूळ, गवतासारखी चव होती. "होडीवरचा दवाखाना कधी लागतो घाटाला?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"बरं," लुबना म्हणाली, आणि तिनं "हो" दाबलं. मग बाहेर वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि पुन्हा नदीला दिलं.